चौथं पातं

मास्तरांचा फोन आला तेव्हा पाना दुसऱ्याच एका बोटीखाली उताणा पडला होता. नाव काहीतरी वेगळं असेल त्याचं, पण धक्क्यावर सगळे त्याला पानाच म्हणत.

"इंजिन तापतंय रे," मास्तर म्हणाले. "काटा पार लालवर जातो."

हातात चार बोटींचं काम होतं. "हळू चालवा, जोर देऊ नका. सवड झाली की येतो," असं सांगून त्यानं फोन खिशात टाकला.

सवड व्हायला सव्वीस दिवस लागले.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मास्तर आणि त्यांची थोरली बहीण बोटीवरच राहत. रुंद बुडाची लाकडी बोट. मागे फळीखाली जुनं पेट्रोल इंजिन, पुढे दोन बाकांची केबिन. दिवे, पंप सगळं बॅटरीवर, त्यामुळे रोज सकाळी तासभर इंजिन चालवावंच लागे.

"ताई कुठंयत?" पानानं पिशवी उतरवत विचारलं. एरवी तो बोटीवर पाऊल टाकायच्या आत त्या त्याची थट्टा सुरू करायच्या.

"आत पडलीय. डोकं दुखतंय म्हणते. हल्ली रोजचंच झालंय. संध्याकाळी काठावर फिरून आली की बरी असते." मास्तरांनी आवाज उतरवला. "मला तर वाटतं, स्वयंपाक माझ्या गळ्यात मारायची युक्ती आहे."

पाना हसला आणि कामाला लागला. हे इंजिन बाहेरचं पाणी ओढून थंड राहायचं आणि तेच पाणी पुढे धुरात मिसळून मागच्या नळीतून बाहेर पडायचं. त्यानं पंप उघडला. आतल्या रबरी पंख्याला सहा पाती हवीत. दोनच उरली होती.

"दात पडलेत याचे."

"म्हणजे माझ्याहून म्हातारं निघालं," मास्तर म्हणाले.

नवा पंखा दहा मिनिटांत बसला. पण तुटलेली पाती पाण्याबरोबर पुढे जाऊन कुठंतरी अडकलेली असणार. पानानं पंपापुढच्या, इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलरचं झाकण काढलं आणि चिमट्यानं तुकडे ओढले. एक, दोन, तीन. चौथं काही सापडेना.

"गेलं असेल वाहून. सुरू करून तर बघ."

इंजिन सुरू झालं. आवाजानं ताईची झोप मोडू नये म्हणून मास्तरांनी केबिनचं दार ओढून घेतलं. काटा चढला, मधोमध आला आणि तिथंच थांबला. दहा मिनिटं. वीस मिनिटं. पाना फडक्याला हात पुसत उभा होता. काम मनासारखं झालं की तो शीळ घालायचा, आजही घातली.

तरी मागून पडणारं पाणी जरा कमीच वाटत होतं. ते चौथं पातं काही डोक्यातून जाईना. शेवटी टॉर्च घेऊन तो पालथा झाला आणि इंजिनाच्या मागं डोकावला. धूर आणि पाणी एकत्र येतात त्या वळणातच ते अडकलं असणार. वळणापुढं जाड रबरी नळी होती. तिची खालची बाजू त्यानं अजून पाहिलीच नव्हती.

रबर भाजून करपलं होतं. बोट आत जाईल एवढी चीर पडली होती. शेजारच्या लाकडावर काजळीचा पट्टा उमटला होता, आणि तो फळ्यांच्या खालून केबिनकडं गेला होता.

महिनाभर पुरेसं पाणी न मिळता ती नळी भाजत होती. धूर चिरेतून केबिनमध्ये शिरत होता.

पाना ताडकन उठला. "मास्तर, इंजिन बंद करा!"

"अरे, आता तर कुठं ते—"

"बंद करा म्हणतो ना!"

त्यानं दार उघडलं. ताई कुशीवर निजल्या होत्या. चेहरा पांढरा पडलेला नव्हता, उलट गाल गुलाबी दिसत होते.

"बघ, किती तरतरीत दिसतेय," मागून मास्तर म्हणाले.

पानानं खांदा धरून हलवलं. ताईंचा हात बाकावरून खाली घरंगळला आणि तसाच लोंबत राहिला.

दोघांनी मिळून त्यांना उचललं आणि धक्क्यावर उघड्या हवेत आणून ठेवलं. पानाचंही डोकं गरगरत होतं. कुणीतरी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला. मास्तर फरशीवर बसून लहान मुलासारखे म्हणत राहिले, "ताई, ए ताई, ऊठ ना गं."

ताई वाचल्या. धुरातला विषारी वायू रक्तात भिनला की गाल असे गुलाबी दिसतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. चार दिवसांनी पाना वॉर्डात गेला तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या. वर्तमानपत्र मांडीवर होतं, पण अक्षरांचा अर्थ लागत नव्हता. हे भरून येईल की नाही, डॉक्टरांना सांगता येत नव्हतं.

"ताई, हळू चालवा म्हणून मीच सांगितलं होतं," पाना म्हणाला. "आणि त्या दिवशी तुम्ही आत असताना इंजिन मीच चालू ठेवलं."

ताईंनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागत होता.

"आमचं मांजर," त्या म्हणाल्या. "माझ्या बाकाखालीच निजायचं. दोन आठवड्यांपूर्वी सकाळी उठलंच नाही. वय झालं होतं, असं म्हणालो आम्ही."

खाटेच्या पायाशी बसलेले मास्तर उठले आणि व्हरांड्यात गेले. पाना त्यांच्यामागं गेला नाही.