आवाजाची गाडी

ह्यांनी बोटाला थुंकी लावली, टायरच्या भोकावर फिरवली आणि बुडबुडा येतो का ते वाकून बघत राहिले. काचेच्या काउंटरमागे उभा असलेला गौरांग आधी माझ्याकडे बघत होता, मग गुंजनकडे. शेवटी त्याने विचारलं, "काकाजी, हे काय करून राहिले तुमी?"

"पंक्चर पाहून राहिलो," हे म्हणाले. "याले भोक आहे. त्याले बी आहे. चारही चाकं पंक्चर, अन् तू मले नवी गाडी म्हणून दाखवून राहिला गा?"

आमच्या गुंजनने कपाळाला हात लावला. गौरांग दुकानाचा मालक होता, पण हसला नाही. त्याने नीट समजावून सांगितलं. या रिमोटच्या गाड्यांच्या टायरमध्ये हवा भरत नाहीत, आत स्पंज असतो. भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, कारण ते बुजवलं तर गाडी चेंडूसारखी उड्या मारते. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले की ठीक आहे, घरी नेल्यावर मी बुजवतो.

आयुष्यभर ट्रक चालवलेल्या माणसाला बिनहवेचं टायर कसं पटणार? रायपूर, हैदराबाद, इंदूर, सगळे रस्ते ह्यांनी टायर ठोकून, कानाने हवा तपासून पार केले. आमच्या वाडीत कुठल्याही गोदामावर चंपतराव म्हटलं की दोन माणसं तरी मान वर करतात. पण डोळ्यांत काचबिंदू निघाला आणि लायसन पुढे वाढवून मिळालं नाही. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवायची. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ थेंब, आणि उरलेला वेळ ओट्यावर.

आमच्या घरामागे गोदामांच्या पलीकडे एक ले-आउट पडून आहे. प्लॉट पाडले, मुरमाचे ढीग टाकले आणि पुढे काही झालंच नाही. रविवारी तिथे शहरातली मोठी माणसं रिमोटच्या गाड्या घेऊन येतात. चांगले डॉक्टर, बँकेतले साहेब, सगळे जीन्स मळवत मुरमात बसलेले. गाडी हातभर लांब, पण चाकं बशीएवढी. ढिगावर चढते, हवेत उडते, उलटते आणि पुन्हा पळते. हे आधी कुंपणापाशी उभे राहायचे. मग आत जाऊ लागले. एका रविवारी पाय धुता धुता मला म्हणाले, "मले तशी एक गाडी पाह्यजे."

मला वाटलं, गंमत करताहेत. पण ते आठवडाभर तेच बोलत होते. लायसन गेल्यापासून त्यांनी कशाची म्हणून मागणी केली नव्हती. कुठली भाजी करू विचारलं तरी कोणतीही कर म्हणायचे. त्यामुळे मी गुंजनच्या मागे लागले. गुंजन तिथल्याच एका गोदामाच्या ऑफिसात काम करते. ती आधी खूप हसली, मग म्हणाली, बाबांना खेळू दे, निदान रोडवर जाणं तरी कमी होईल.

रोडवर जाणं म्हणजे संध्याकाळचा चहा. अमरावती रोडच्या पलीकडे एक टपरी आहे, तिथे ड्रायव्हर लोक बसतात. रोज दिवेलागणीच्या आधी हे रोड ओलांडून तिकडे जातात, तासभर बसतात आणि येतात. दिवसभरात तेवढीच त्यांची स्वतःची वाट. गुंजनला त्याची धास्ती. तिने सांगूनच ठेवलं होतं, "बाबा, डोळे अजून कमी झाले ना, तर मी तुमच्या चपला लपवून ठेवीन." ती हसत म्हणायची, पण लपवल्याही असत्या.

दुकानात गौरांगने बऱ्याच गाड्या दाखवल्या. त्याचं म्हणणं सरळ होतं. काकाजींनी बॅटरीची घ्यावी. ताकद भरपूर, पाण्याला भीत नाही, चार्ज केली की तयार, हात काळे होत नाहीत. निळ्या रंगाची एक त्याने काउंटरवर ठेवली. गुंजनला तीच आवडली. ह्यांनी मात्र वरच्या फळीवरच्या एका लाल गाडीकडे बोट केलं. रंग थोडा उडालेला होता. ती इंजिनाची होती, दोरी ओढून सुरू करायची. कुणीतरी हौसेने नेली होती आणि कंटाळून परत आणून दिली होती. गौरांग म्हणाला की ती नका घेऊ, तिचं इंधन वेगळं, ते डब्यातून आणावं लागतं, उन्हाळ्यात एक सेटिंग, हिवाळ्यात दुसरं, आणि आवाज शेतातल्या फवारणी पंपासारखा. शेवटी असं ठरलं की रविवारी तो दोन्ही गाड्या ले-आउटवर घेऊन येईल आणि काकाजींनी चालवून बघायच्या.

रविवारी मीही गेले. इतक्या वर्षांत ह्यांना ट्रक चालवताना मी दोन-तीनदाच पाहिलं असेल. गाडीवर असले की घरी नाहीत, घरी असले की झोपलेले.

आधी निळी गाडी. पिस्तुलासारखा रिमोट, त्याला बाजूने एक बारकं चाक. ह्यांनी तो हातात घेतला आणि उजवा पाय थोडा पुढे टाकला. गाडी सुटली. तिचा आवाज म्हणजे नुसती बारीक शीळ, तीही वाऱ्यात ऐकू येईना. सरळ गेली तोवर छान गेली. वळण आलं की हे स्वतः कलायचे, ब्रेक लावायचा असला की उजवा पाय मुरमात दाबायचे. तिथली माणसं कौतुकाने बघत होती. मग गाडी परत फिरली आणि ह्यांचे हात चुकले. गाडी ढिगाला धडकली.

"सगळ्यांचं होते असं, काकाजी," गौरांग म्हणाला. गाडी आपल्याकडे येऊ लागली की डावं-उजवं उलटं होतं, म्हणाला, सवयीने जमेल.

दुसऱ्यांदा गाडी ह्यांच्या डावीकडून आली आणि त्यांच्या पायाजवळच्या दगडाला अडून थांबली. चाकं जागच्या जागी फिरत होती. हे समोर बघत होते. रिमोट दाबत होते आणि समोर, लांब, मोकळ्या मुरमाकडे बघत होते.

"बॅटरी गेली वाट्टे," हे म्हणाले.

"तुमच्या पायाशी आहे की काकाजी," गौरांग म्हणाला, आणि सगळे हसले. हेही हसले. मुद्दाम गंमत केल्यासारखे हसले. गुंजन हसून हसून खाली बसली.

मला हसू आलं नाही. कारण मला एकदम ताट दिसलं. गेले कित्येक दिवस ह्यांच्या ताटात डावीकडे वाढलेलं सगळं तसंच राहत होतं. लिंबाची फोड तशीच, ठेचा तसाच. ठेच्याशिवाय भाकरी न खाणारा माणूस, आणि मी समजत होते की आता पित्त होतं म्हणून सोडला असेल. मनातून बरंही वाटत होतं.

मग गौरांगने लाल गाडीची दोरी ओढली. चार-पाच झटक्यांनी ती पेटली. निळसर धूर, आणि असा आवाज की कुंपणावरचे बगळे उडाले. ह्यांनी हनुवटी वर केली. गाडी सुटली, तशी मान आवाजाबरोबर फिरू लागली, मग खांदे, मग सगळं अंग. गाडी डावीकडे गेली की हे पुरते डावीकडे वळायचे आणि ती त्यांना सापडायची. ढिगाआड गेली तरी ते थांबले नाहीत. आवाज जड झाला तेव्हा जोर दिला, हलका झाला तेव्हा सोडला, आणि गाडी दुसऱ्या बाजूने बाहेर आली.

"हीच," हे म्हणाले.

गुंजन वैतागली. तिचं चूक नव्हतं. आवाजाने शेजारी ओरडतील, रोज काहीतरी बिघडेल, तेलाचे हात घेऊन घरभर फिराल, असं सगळं तिने सुनावलं. "तुम्हाले धुराचाच शौक आहे, बाबा. चांगलं सोडून भंगार घेऊन राहिले," म्हणाली. हे रिमोट हातात धरून उभे राहिले. मग माझ्या दिशेला मान वळवून म्हणाले, "मैना, तू सांग."

माझ्या ओठांवर आलं होतं. बोलले असते तर त्याच संध्याकाळी चपला कपाटात गेल्या असत्या. मी गुंजनला म्हटलं, "त्याईले चालवाची आहे. त्याईले आवडली ते घे."

गुंजन खोकं घेऊन स्कूटरवर पुढे निघून गेली. आम्ही दोघं गोदामाच्या भिंतीच्या कडेने चालत निघालो. मी नेहमी ह्यांच्या उजवीकडून चालते. कधीपासून, ते आठवत नव्हतं. त्या दिवशी मी मुद्दाम मागून फिरून डावीकडे गेले आणि गप्प राहिले.

थोडं चालल्यावर हे थांबले. "मैना?"

मी बोलले नाही. त्यांनी पूर्ण मान फिरवली तेव्हा मी दिसले.

"तिकडून काहून चालून राहिली वं?"

"ठेचा काहून राहते ताटात, ते समजलं मले आज," मी म्हटलं.

एक ट्रेलर मागून येऊन पुढे निघून गेला. त्याची धूळ बसेपर्यंत हे उभे होते.

"डाव्या डोळ्यानं आता उजेडच समजते," ते म्हणाले. "उजव्याचं बी त्या बाजूनं कमी होऊन राहिलं. निळी गाडी तिकडं गेली का गेली, माह्यासाठी नाहीच. लाल गाडी ऐकू येते. कुठं आहे, चढून राहिली का उतरून राहिली, समजते." मग हळूच म्हणाले, "गुंजीले सांगशील?"

"मी नाई सांगत. तुमी सांगा."

"टपरी बंद होईन."

"रोड एकट्यानं ओलांडणं बंद होईन," मी म्हटलं. "टपरी कशाले?"

भिंत संपली, आमची गल्ली आली. तेव्हा हे म्हणाले, जसं काही दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगताहेत, की ट्रकमध्ये ड्रायव्हरला डावी बाजू तशीही कधी पुरती दिसत नाही. कितीही चांगले डोळे असोत. म्हणून तिकडे क्लीनर बसतो.

"मग मले ठेवा क्लीनर," मी म्हटलं.

"तुले जमन का?"

"तुमच्या क्लीनर पोराईले जमत होतं, मले काहून नाई जमन? ते तर अर्धा वेळ झोपलेले राहत."

यावर ते हसले. ते हसू खरं होतं.

गुंजनला त्यांनी रात्रीच्या जेवणात सांगितलं. फार काही नाही, डावीकडचं दिसत नाही आता, एवढंच. मला वाटलं होतं ती रागावेल, लपवलं म्हणून रडेल. तिने घास खाली ठेवला. मग हात धुऊन आली, त्यांच्या ताटातली लिंबाची फोड आणि ठेचा उचलून उजवीकडे भाजीशेजारी ठेवला, आणि परत जेवायला बसली. चपलांचं कुणीच काही बोललं नाही. दुसऱ्या दिवसापासून टपरीवर आम्ही दोघं जाऊ लागलो. पहिल्या दिवशी ड्रायव्हर लोक उठून उभे राहिले, बाई आली म्हणून. आता कुणी उठत नाही. मी माझा कप घेऊन बाजूच्या बाकावर बसते.

गाडीचं एक टायर ह्यांनी बुजवलंच. सायकलच्या दुकानातून पंक्चरचं सोल्यूशन आणलं, भोकं बंद केली आणि मोठ्या ऐटीत ले-आउटवर गाडी सोडली. गाडी तीन पायांवर शहाणी आणि चौथ्यावर वेडी. जिथे तिथे उडी मारायची आणि बेडकासारखी एका अंगावर पडायची. गौरांग कडेला उभा राहून आकाशाकडे बघत होता. घरी आल्यावर ह्यांनी सुई तापवून सगळी भोकं पुन्हा मोकळी केली. मी विचारलं तर म्हणाले, कंपनीनं सोल्यूशनच खराब दिलं.

मला शिकवणी ओट्यावर झाली. क्लीनर ओरडतो, पण इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. म्हणून तो हात बाहेर काढून दारावर थाप मारतो. दोन थापा म्हणजे जाऊ दे. एक थाप म्हणजे रोक. दार म्हणजे ह्यांचा डावा खांदा. मी आधी फार हळू मारायचे. "दार तुटत नाही," हे म्हणायचे, "मार."

मागच्या रविवारी आम्ही सकाळीच गेलो. ऊन चढलं नव्हतं. गौरांगने दोरी ओढून दिली आणि तो आपल्या गाडीकडे गेला. हे पाय रोवून उभे राहिले, मी डावीकडे, हात खांद्यावर. गाडी पहिल्या ढिगावर चढली, उतरली, दुसऱ्याला वळसा घालून पुढे गेली. पुढे ढीग संपतात आणि वाळलेल्या गवताचं रान लागतं, त्यापलीकडे कुंपण. तिथे थांबवायचं हे आमचं ठरलेलं. आवाज बारीक होत चालला. गवत हलताना मला दिसत होतं, ह्यांना नाही. त्यांची मान वर होती, तोंड थोडं उघडं, उजवा पाय जमिनीत दाबलेला, आणि चेहरा असा की मोठा रस्ता समोर मोकळा पडला आहे.

एक थाप द्यायची वेळ झाली होती. मी हात उचलला आणि दोन दिल्या.