चाळीस पावलांवरचा अर्धा तुकडा

मित्रांनो, ज्या वर्षी राजेश्वरीचं लग्न झालं, त्याच वर्षी माझे दोन तुकडे झाले. वर्ष दोन हजार दोन. लग्न वैशाखात झालं आणि मिरगाच्या आधी मला करवत लागली.

मी एक जुनी फळी आहे. शिसवाची. आता माझ्यावर सहा तारा आहेत आणि लोक मला गिटार म्हणतात. पण त्याआधी जवळजवळ पन्नास वर्षं मी चिखलात काढली. ते आधी सांगते.

आमचं गाव बेळगावकडच्या खानापूरपासून सहा मैलांवर, रानाच्या कडेला. तिथल्या भरमानं सरकारी डेपोतल्या लिलावात शिसवाचा एक ओंडका घेतला. त्यातून घराची चौकट निघाली आणि उरल्या लाकडातून मी. आठ फूट लांब, दीड फूट रुंद, तीन बोटं जाड. ओंडक्याच्या टोकाला डेपोचा हातोड्यानं मारलेला शिक्का होता. माझ्या एका टोकावर भरमानं तो तसाच राहू दिला आणि वर लोखंडाची पट्टी ठोकली. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. तो म्हणायचा, कागदाला वाळवी लागते, शिसवाला लागत न्हाय. कुणी विचारलं तर पट्टी काढून दाखवायची.

माझं काम भाताच्या शेतात. नांगरून चिखल केला की दोन बैलांच्या मागं मला जोडायचे आणि मी तो चिखल ताटासारखा सपाट करायची. मी जड होते, पण चिखल त्याहून हट्टी. म्हणून भरमा आपल्या दोन पोरांना वजन म्हणून माझ्यावर बसवायचा. आण्णाप्पा पाच वर्षांचा, बसवंत तीन. बसवंत घसरून पडू नये म्हणून आण्णाप्पा त्याच्या करगोट्यात बोट अडकवून बसायचा. दिवसभर दोघं चिखलानं माखून हसत असायचे. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला काळ. शेजारपाजारचे शेतकरी मला मागायला यायचे आणि भरमा लावणी उरकल्याशिवाय मला कुणाला देत नसे.

पोरं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, भरमा गेला. तरी घर एकच राहिलं. मग आण्णाप्पाच्या थोरल्या लेकीचं, राजेश्वरीचं लग्न ठरलं. बसवंत बारा दिवस राबला. मांडव त्यानं घातला, पाणी त्यानं भरलं, बेळगावहून भांडी त्यानं आणली. आमच्याकडे लग्नात मानाच्या माणसांची नावं माईकवर पुकारतात आणि त्यांना नारळ, टॉवेल, टोपी देतात. त्या मानकऱ्यांची यादी आण्णाप्पानं स्वतःच्या हातानं लिहिली होती. चाळिशी उलटल्यावर तो रात्रीच्या साक्षरता वर्गात अक्षरं शिकला होता आणि लिहायची त्याला भारी हौस. त्रेचाळीस नावं लिहिली. बसवंतचं लिहिलं नाही. घरच्या माणसाचं नाव यादीत कशाला, असं त्याला वाटलं. घरच्याला हाक मारली की झालं.

पण माईकवरचा माणूस यादीत असेल तेवढंच वाचतो. त्रेचाळीस नावं झाली आणि त्यानं माईक बाजूला ठेवला. बसवंत मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. तो तसाच न जेवता शेताकडे गेला. आण्णाप्पाला चूक कळली, पण त्या गडबडीत तो मागे गेला नाही. उद्या बोलू म्हणाला. उद्याचं परवा झालं आणि आठव्या दिवशी बसवंतनं वाटणी मागितली.

पंच बसले. जमीन वाटली, बैल वाटले, तांब्या-पितळेची भांडी वाटली. मी राहिले. बसवंत म्हणाला, फळी अण्णाला राहू द्या. ते ऐकून आण्णाप्पाला आणखीच लागलं. आपल्यावर उपकार करतोय असं वाटलं.

"मला फुकटचं नगं," तो म्हणाला. "मधनं कापा."

"आरं, कापलेली फळी कुणाच्या उपेगाची?" शेजारचा रवळू म्हणाला.

"कुणाच्या बी नसंना."

भावकू सुतारानं दोनदा करवत खाली ठेवली. शेवटी कापली. माझं लाकूड इतकं कठीण, की त्याच्या करवतीचे दोन दात मोडले आणि कापलेल्या तोंडांवर दोन खोल ओरखडे उठले.

त्या वर्षी दोघांनाही चिखल सपाट करता आला नाही. दोघं रवळूची फळी मागायला गेले. सकाळी एक, दुपारी एक. रवळू म्हणाला, "तुमची वाटणी झाली, पर माज्या फळीची कवा झाली?" सगळ्या गावात हे सांगून लोक हसत. दोघे भाऊ मात्र हसले नाहीत आणि एकमेकांशी बोललेही नाहीत. बावीस वर्षं.

माझा एक अर्धा आण्णाप्पाच्या न्हाणीजवळ पडला. माझ्यावर उभे राहून लोक अंघोळ करायचे, बाया कपडे आपटायच्या. साबणाच्या पाण्यानं माझं एक टोक कुजलं. तिथून बसवंतच्या घराचा सोपा, म्हणजे पुढची पडवी, दिसायचा. मधे चाळीस पावलं. माझा दुसरा अर्धा त्या घरात कुठं आहे, आहे की जाळला, मला ठाऊक नव्हतं.

राजेश्वरीची मुलगी आरोही बेळगावात कॉलेजला. ती तिथल्याच शहापुरात साईनाथकडे गिटार दुरुस्तीला न्यायची. साईनाथचे वडील मागावर साड्या विणायचे. माग गेला आणि पोरगा वाद्यांच्या कामात शिरला. आता तो स्वतः गिटारी बनवतो. तो आरोहीला म्हणाला होता की पाठीला आणि कडांना शिसव लागलं की आवाज भरून येतो, पण शिसवाचं झाड आता स्वतःच्या बांधावरचंही परवानगीशिवाय तोडता येत नाही. एकदा एक माणूस गवताखाली झाकून शिसवाच्या फळ्या घेऊन त्याच्याकडे आला होता. भाव निम्मा. साईनाथनं त्याला दारातूनच परत लावलं. रान रिकामं करून गाणं वाजवायचं नाही, असं तो म्हणायचा.

आरोहीला आजोळची न्हाणी आठवली. एका रविवारी ती साईनाथला घेऊन आली. त्यानं मला उलटं केलं, चिखल खरवडला आणि बोटाच्या पेरानं वाजवलं. मी बोलले, मित्रांनो. इतक्या वर्षांत मला कुणी वाजवून पाहिलं नव्हतं. मंदिरातली घंटा वाजून थांबल्यावर उरतो तसा तो आवाज होता. आण्णाप्पा बाजेवर बसून ऐकत होता. त्याचं काळीज कमजोर झालं होतं, चार पावलं चालला की धाप लागायची. तो आरोहीला म्हणाला, "ही तुला दिली." शब्द देऊन बसला.

साईनाथ म्हणाला, एवढ्यात पाठ निघेल, पण कुजलेलं टोक सोडलं तर कडांना लांबी पुरणार नाही. आणि वनखात्याचा कागद झाल्याशिवाय मी करवत लावणार नाही.

मला गावातल्या एका टेम्पोत घालून खानापूरला नेलं. तिथल्या वनखात्याच्या कार्यालयातले साहेब नागेंद्र. कन्नड वळणाचं मराठी बोलणारे, शांत माणूस. त्यांनी मला चारी बाजूंनी पाहिलं.

"अज्जा, लाकूड जुनं आहे हे दिसतंय. पण दिसतंय एवढंच लिहून चालत नाही. खूण काय आहे?"

आण्णाप्पानं डेपोच्या शिक्क्याची गोष्ट सांगितली. तो शिक्का दुसऱ्या तुकड्यावर होता.

"तो तुकडा कुठं आहे?"

"भावाकडं."

"मग आणा की. भाऊ लांब राहतो काय?"

"न्हाय," आण्णाप्पा म्हणाला. "चाळीस पावलांवर."

साहेबांनी त्याच्यासाठी पाणी मागवलं.

परत येताना आण्णाप्पा टेम्पोत माझ्यावर हात ठेवून बसला होता. त्याला आता कळत होतं, की गोष्ट एका फळीची राहिली नाही. भावाकडं जायचं तर आता, नाहीतर राहूनच जाईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मनुबाईला, आपल्या बायकोला, नवी टॉवेल-टोपी आणायला सांगितली. ती आत गेली आणि ट्रंकेतून एक टॉवेल आणि एक पांढरी टोपी घेऊन आली. घड्या पिवळ्या पडलेल्या.

"ही कुटली?"

"लग्नातली. चव्वेचाळीस आणल्या हुत्या. एक उरली तवाच मला कळलं कुणाची ते."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी इच्यारलं कवा?"

आण्णाप्पा निघाला. चाळीस पावलांत दोनदा थांबला. बसवंत सोप्यावर दोर वळत बसला होता. त्यानं मान वर केली, हात थांबवला नाही. आण्णाप्पानं नारळ, टॉवेल आणि टोपी पुढं धरली. 

"त्या दिवशी यादीत तुजं नाव लिवलं न्हवतं," तो म्हणाला. "घरच्या माणसाचं काय लिवायचं, असं वाटलं मला. चुकलं."

बसवंतचा दोर हातातून सुटला आणि वळलेला सगळा उलगडला. त्यानं टोपी घेतली, उलटीसुलटी पाहिली, डोक्यावर घातली.

"अण्णा, लई उशीर केलास. घट्ट हुतीया."

"डोस्कं मोटं झालंय तुजं."

"तुज्याच घराण्याचं हाय."

आतून बसवंतच्या बायकोचा, बायाक्काचा आवाज आला. "चा ठेवलाय. दोगं बी आत या. फळी कुटं पळून जात न्हाय." आण्णाप्पानं फळीचं नावही काढलं नव्हतं. पण टेम्पो कशाला गेला होता हे गावाला ठाऊक होतं, मग चाळीस पावलांवर का नसेल?

माझा दुसरा अर्धा माळ्यावर टांगलेला होता. कोरडा, स्वच्छ, लोखंडी पट्टीसकट. बसवंत दर दसऱ्याला त्याला तेल लावायचा, हे मला तेव्हा कळलं.

खानापूरच्या कार्यालयाच्या व्हरांड्यात आम्हा दोघींना तोंडाला तोंड लावून ठेवलं. भावकूच्या करवतीच्या मोडक्या दातांचे ओरखडे एकात एक बसले. मग बसवंतनं पट्टी उचकटली. खाली शिक्का होता. अर्धवट झिजलेला, पण वाचता येण्याजोगा. नागेंद्र साहेबांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि पहिल्यांदाच हसले. भरमानं राखलेला कागद सत्तर वर्षांनी कामी आला होता.

जबाब लिहायचा होता. फळीचे मालक कोण, ती नावं आण्णाप्पानं स्वतः लिहायला घेतली.  त्यानं आधी बसवंतचं नाव लिहिलं. मग खाली आपलं.

चार महिने मी साईनाथकडे होते. करवत पुन्हा लागली, पण या वेळी मला भीती वाटली नाही. माझा जांभळट-काळा भुसा उडाला आणि गोड वास सुटला. तीन बोटं जाड होते ती मी रुपयाच्या नाण्याहून थोडी जाड उरले. कडा पाणी लावून तापल्या नळीवर हळूहळू वाकवल्या. पोट, म्हणजे तारांखालची पुढची बाजू, माझं नाही, ते परमुलखातल्या पांढऱ्या हलक्या लाकडाचं आहे. साईनाथ म्हणाला, बसवंतकाकांच्या चांगल्या तुकड्यातून पाठीचे दोन्ही भाग काढले तर रेषा जुळतील, देखणी दिसेल. दोघे भाऊ एकदम नाही म्हणाले. म्हणून माझी पाठ एका बाजूला गडद आहे, एका बाजूला थोडी फिकी, आणि मधे फणसाच्या लाकडाची बारीक पिवळी पट्टी आहे. जाणकार लोक बघून विचारतात, जोड चुकला काय. आरोही नाही म्हणते.

मेमध्ये ती मला गावी घेऊन आली. दोघे भाऊ सोप्यावर शेजारी बसले होते. बसवंतच्या डोक्यावर ती घट्ट टोपी. आरोही वाजवायला लागली तेव्हा आण्णाप्पानं विचारलं, हात लावू का. त्यानं माझ्या पाठीवर तळवा ठेवला. बसवंतनंही ठेवला. मी दोघांच्या हाताखाली थरथरत होते. ही दोन वजनं मला ओळखीची होती. "चिखलात बी अशीच थरथरायची," बसवंत म्हणाला. वाजवून झाल्यावर आण्णाप्पानं मोठा श्वास सोडला. त्याला धाप लागली नव्हती.

जूनमध्ये आरोही मला कोल्हापूरला कार्यक्रमाला घेऊन गेली. राज्याच्या सीमेवर, कोगनोळीच्या तपासणी नाक्यावर ती पेटीतल्या वनखात्याच्या कागदावर हात ठेवून बसली होती. कुणी काही विचारलं नाही. बस पुढं गेली.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. घरात जुनं लाकूड असलं तर ते न्हाणीत टाकू नका, एकदा बोटानं वाजवून बघा. रानात उभं असलेलं शिसव उभंच राहू द्या, त्याला अजून पुष्कळ वर्षं लागायची आहेत. आणि कसलीही यादी लिहाल तेव्हा घरच्या माणसाचं नाव आधी लिहा.

आण्णाप्पा दोन हजार पंचवीस सालच्या नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वारला. बसवंत त्याच्या उशाशी होता.