बावन्न क्रमांकाची रेषा

नैराश्याचा आजार ज्यांना पुन्हापुन्हा गाठतो, त्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी सांभाळणारा तो चिमुकला भाग, सरासरीने लहान असतो का, याचा अभ्यास चालू होता. पडद्यावर मेंदूच्या एमआरआय चित्राच्या एकेका छेदावर त्या भागाची कड माउसने आखण्याचे काम तंत्रज्ञाकडे होते. माणूस निरोगी की आजारी, हे आखणाऱ्याला कळू नये म्हणून चित्रांवर केवळ क्रमांक असत. बावन्न क्रमांकाच्या चित्रात मात्र जबड्यापाशी धातूच्या पट्टीची काळी सावली होती, आणि ती पट्टी धाकट्या भावाच्या जबड्यातली, हे त्याला कुणी सांगायला नको होते. भावाने अभ्यासात नाव दिल्याचे कळवले, तेव्हा त्याने बजावले होते, "तिथे माझी ओळख सांगू नकोस."

ते चित्र त्याने बाजूला ठेवायला हवे होते. त्याऐवजी प्रत्येक छेदावर त्याने रेषा केसभर बाहेर सरकवली.

आठवड्याने प्रमुख डॉक्टरबाईंनी त्याला बोलावले. तीच चित्रे आखणाऱ्या दुसऱ्या तंत्रज्ञाच्या मोजमापाशी त्याची इतर सारी चित्रे जुळत होती. या एकातला फरक डोळ्यांत भरण्याजोगा होता.

"अहो, तुमच्या रेषेवर आम्ही डोळे मिटून विसंबतो. इथे तुम्हीच डोळे मिटले होते की काय?"

थट्टेवारी निभावून नेता आले असते. पण त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"मुद्दाम वाढवली, बाई. तो माझा धाकटा भाऊ आहे."

बाईंचे हसू मावळले. "एका चित्रावरून कुणी आजारी ठरत नाही, हे मी तुम्हाला सांगायचं? त्याचं काही भलं झालं नाही. आमची सरासरी मात्र नासली. आता तुमची सगळी चित्रं दुसऱ्याकडून आखून घ्यायची. भाऊ आहे हे आधी सांगायला काय झालं होतं?"

आपण एकुलते एक आहोत, असे तो याच खोलीत दहा वर्षे सांगत आला होता.

संध्याकाळी भावाच्या खोलीवर जाऊन त्याने उभ्याउभ्याच सारे सांगून टाकले.

भाऊ गालात हसला. "दादा, तीनदा मी अंथरूण धरलं, तीनदा 'सोंगं पुरे, ऊठ' म्हणालास. आणि आता गुपचूप माझा मेंदू फुगवून दिलास?"

"मला वाटलं, लहान निघाला तर..."

"तर काय? सोंग नव्हतं, एवढं तरी पटलं असतं तुला."

वादात कुणाला हार न जाणाऱ्या त्या माणसाचा हात दाराच्या कडीकडे गेला.

"बस आता," म्हणत भावाने खुर्चीवरचे कपडे उचलले. पण बसायचे धैर्य त्याला काही केल्या होईना.