थोरलीच्या वाट्याचा दमा

नर्सनं फुंकायची नळी चुकीच्या बहिणीच्या हातात दिली आणि धाकटीनंही, दिली म्हणून, छाती भरून फुंकली. काटा सरसर वर गेला. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. काळजीचं काहीच कारण दिसत नाही, म्हणाल्या. शेजारच्या खुर्चीत तोंडाला रुमाल लावून खोकत बसलेल्या थोरलीनं तेव्हा कुठे हात वर केला.

"आजारी मी आहे. ही नुसती सोबत आलीय."

पन्नाशी उलटली तरी या जुळ्या बहिणींना एकमेकींपासून वेगळं ओळखणं कुणाला जमत नसे. दोघी मिळून घरीच पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवत. एक कापायची, दुसरी मशीनवर बसायची. लग्न दोघींचंही राहून गेलं होतं आणि त्याची खंतही दोघींनी मिळून केव्हाच संपवली होती. यंदाच्या थंडीत थोरलीची छाती वाजायला लागली. सर्दी आहे, जाईल, असं म्हणता म्हणता हे असं इथवर आलं.

थोरलीनं फुंकलं तेव्हा काटा अर्ध्यावरच अडला. दमाच होता. डॉक्टरीणबाईंनी घरात आणखी कुणाला होता का, ते विचारलं. मामाला धाप लागायची, एवढं दोघींना आठवत होतं. मग रक्तातूनच आला असणार, बाई म्हणाल्या.

"पण रक्त तर आमचं एकच आहे," धाकटी म्हणाली. "मग मला कसा नाही?"

बाईंनी समजावून सांगितलं. दम्याचा कल घराण्यातून येतो, पण तो जागा व्हायला काहीतरी निमित्त लागतं. धूळ, धूर, कधी एखादा जुना आजार. जुळ्यांतही एकीला होतो, एकीला होत नाही. का, ते नेमकं सांगता येत नाही. धाकटीनं मान डोलावली, पण डोक्यात काही शिरलं नाही. दोघी एकाच खोलीत, एकाच कापडाची धूळ खात म्हातारपणाला टेकल्या होत्या. मग निमित्ताला एकटी थोरलीच कशी सापडली?

पथ्यपाणी मात्र धाकटीनंच अंगावर घेतलं. जाजम निघालं, उशांना जाड खोळी आल्या, चादरी दर आठवड्याला कढत पाण्यातून निघू लागल्या. जुने पडदे उसवायचं काम गॅलरीत गेलं. सकाळी फिरायला निघायचं तर हीच आधी चपला घालून दारात. जरा बरं वाटलं की थोरलीला रोज ओढायचा औषधाचा पंप नकोसा व्हायचा, सवय लागेल म्हणायची. मग हीच तो तिच्या तोंडासमोर धरायची. बघणाऱ्याला वाटावं, आजारी धाकटीच. खरं तर तिलाही तसंच वाटू लागलं होतं. सुई ओवता ओवता ती मध्येच श्वास रोखून कानोसा घ्यायची, आत काही वाजतंय का.

एका दुपारी कापड फाडताना तिला छाती जड वाटली. खरी जड की मनानं घेतलेली, कळेना. तिनं थोरलीचा धाप लागल्यावर घ्यायचा पंप उचलला आणि दोनदा ओढला. नको असलेल्या औषधानं काळीज धडधडायला लागलं. थोरलीनं मशीन थांबवलं, उठून आली, तिच्या हातून पंप काढून घेतला. आवाज चढवला नाही.

"जन्मभर सगळं वाटून घेतलं आपण," ती म्हणाली. "एवढं एक माझं राहू दे, धाकटे."

यावर रागवावं की रडावं, धाकटीला उमजेना. आजारपण का कुणाला हवं असतं? आणि नाही मिळालं म्हणून कुणाला वाईट वाटतं?

दोन-चार दिवसांनी दोघी बाजारातून कापड घेऊन परतल्या तर लिफ्ट बंद. जिन्याच्या पहिल्याच वळणावर थोरली कठडा धरून उभी राहिली. धाकटीही थांबली. तिला मुळीच धाप लागली नव्हती. थांबावं तर थोरलीच्या वाट्यात हात घातल्यासारखं, जावं तर तिला टाकून गेल्यासारखं. थोरलीनं पंप काढून ओढला. जरा वेळानं तिच्या चेहऱ्यावर रंग आला.

"तू हो पुढे," ती म्हणाली. "मी येते दमानं."

आपण काय बोललो ते ध्यानात येऊन थोरली स्वतःशीच हसली. धाकटीला हसू आलं नाही. तिनं थोरलीच्या हातातला कापडाचा गठ्ठा घेतला आणि एकटीच वर चढली. दार उघडलं, गठ्ठा आत ठेवला, पण स्वतः आत गेली नाही. उंबऱ्यात उभी राहून ऐकत राहिली. खालून येणारी पावलं अगदी तिच्या स्वतःच्या पावलांसारखी वाजत होती. फक्त मध्ये मध्ये थांबत होती.