दोन्ही हात

झुलालला बोलायचं तर गळ्यावर बोट ठेवावं लागे. पाच वर्षांपूर्वी गलगंडाचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, पण जाताना स्वरयंत्राच्या दोन्ही नसा निकामी करून गेली. आवाज शाबूत, श्वासाची वाट मात्र बंद. म्हणून गळ्याला कायमचं भोक आणि त्यात नळी. नळीवर बोट दाबलं की पाच शब्द निघत, मग बोट काढून श्वास घ्यायचा. गावाला आधी अप्रूप वाटलं, मग कंटाळा आला. पाच शब्दांसाठी थांबायला लोकांना वेळ कुठे असतो?

बायको वारलेली. घरात एकुलती लेक मोहिनी, आणि सगळा कारभार थोरल्या भावाचा, बन्सीलालचा. त्यानेच मोहिनीला धुळ्याचं स्थळ आणलं. मुलगा पियुष, पक्की नोकरी, गच्चीचं घर.

साखरपुड्याच्या आठ दिवस आधी झुलाल नळी दाखवायला चोपड्याहून धुळ्याला गेला. दवाखान्यात त्याच्या आधी एका तरुण बाईचा नंबर होता. डॉक्टरीणबाईंनी तिच्या कानात पाहिलं आणि दार उघडं असतानाच सुनावलं, की पडून असा पडदा फाटत नाही, थापडेने फाटतो. बाई आपली एकच सांगत राहिली, मोटरसायकलवरून पडले. बाहेर बाकावर येताच तिच्या आईला राहवेना. शेजारी कोण बसलंय हे तिला काय माहीत? जावयाने मारलं, म्हणाली, आणि धाकटा दीर पियुष हसत बघत होता. आता चोपड्याकडची कुणाची तरी पोर त्याच्या गळ्यात बांधताहेत.

झुलाल नळी न दाखवताच घरी परतला. श्वास घेत घेत त्याने सगळं बन्सीलालला सांगितलं. बन्सीलालने सगळ्यांदेखत धुळ्याला फोन लावला आणि जाहीर केलं, की ती बाई मोटरसायकलवरून पडली होती. मोहिनीला ते पटलं. काका अख्खी वाक्यं बोलत होता ना.

मग झुलालने ठरवलं, भर मांडवात एकच प्रश्न विचारायचा. तुमनी मोठी सून कोठे शे? बरोबर पाच शब्द, एका श्वासात बसणारे. आठवडाभर केळीच्या बागेत जाऊन त्याने ते घोकले.

साखरपुड्याला व्याह्यांकडचे झाडून सगळे आले. थोरली सून तेवढी नव्हती. भटजींनी सुरुवात केली, तसा झुलाल उठला. बोट गळ्याकडे गेलं. बन्सीलालची नजर भावावरच होती. त्याने नारळ, साखर, शालू भरलेलं जड पितळी ताट उचललं आणि झुलालच्या हातात दिलं.

"दोन्ही हात लाव," तो म्हणाला. "शकुननं ताट शे."

झुलालने इकडेतिकडे पाहिलं. ताट ठेवायला जागा नव्हती, घ्यायला कुणी पुढे येईना. ते सोडून द्यावं तर पोरीच्या साखरपुड्यात नारळ जमिनीवर जाणार. एवढा अपशकुन बाप कसा करेल? त्याने हनुवटीने नळी दाबायचा प्रयत्न केला. फटीतून वारा गेला, नुसती शिट्टी वाजली. पोरंसोरं खिदळली. सासरा शिट्टी मारतो, असं कुणीतरी म्हणालं, आणि पियुषही हसला. बापाच्या त्या अवताराने मोहिनीला लाज वाटली. झुलाल शेवटपर्यंत ताट धरून उभा राहिला. ताटाला धक्कासुद्धा लागू दिला नाही त्या शहाण्याने.

लग्नाला वर्ष झालं नाही, तोच मोहिनीला दवाखान्यात नेल्याचा निरोप आला. झुलाल पहिल्या एसटीने धुळ्याला पोचला. मोहिनी त्याच बाकावर होती, कानात कापूस. शेजारी फाइल घेऊन पियुष.

तिघांना आत घेऊन डॉक्टरीणबाईंनी कान तपासला. "पडून असा पडदा फाटत नाही. कुणी मारलं?"

"मोटरसायकलवरून पडले, मॅडम."

झुलालचे हात आज मोकळे होते. त्याने बोट उचललं. पियुष लगेच वाकला, सासऱ्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि त्याला अदबीने स्टुलावर बसवलं.

"आबा, तुम्ही नका त्रास करून घेऊ," तो म्हणाला.

झुलालने हात ओढून पाहिले. पकड घट्ट होत गेली, बोटांची हाडं एकमेकांवर चढली. त्याने मान खाली दाबली. पुन्हा तीच शिट्टी. नर्स कौतुकाने म्हणाली, पोटचा पोरगाही इतकी सेवा करत नाही.

मोहिनी ते पांढरे पडलेले हात बघत होती. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं, तेव्हा कुठे पियुषने हात सोडले.

झुलालने बोट गळ्याशी नेलं. मोहिनी त्याच्याकडे पाहून नुसती मान हलवत होती, नको म्हणून. संध्याकाळी तिला त्याच घरी जायचं होतं. झुलालने बोट खाली आणलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिला.