दादाचा डंप, धाकट्याचा कर्नल

बाबा गेल्यानंतर काका पहिल्यांदा घरी आले ते थेट बाबांच्या टेबलापाशी. खिशातून पेन ड्राइव्ह काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

"ठमे, हा तो कर्नल. तूही याच धंद्यातली. आता एकदाचा निकाल लाव."

दोघे भाऊ पाणीपुरवठ्याच्या एकाच ऑफिसात. पंप चालवणारा सर्व्हर एका सकाळी कोसळला आणि निम्मं शहर कोरडं राहिलं. बाबा म्हणाले, धाकट्यानं पंपांसाठी लिहिलेल्या ड्रायव्हर प्रोग्रामनं पाडला. काका म्हणाले, दादानं कर्नलमध्ये, म्हणजे यंत्राच्या गाभ्यातच, हात घातला होता. तेव्हापासून अबोला. एका खोलीत बसून एकमेकांना ईमेल.

कोसळताना यंत्र आपली सगळी मेमरी एका फाइलीत ओतून जातं. तो डंप. पण त्यात नुसते पत्ते. कुठल्या पत्त्यावर कोण राहत होतं, हे फक्त त्या वेळी चालू असलेल्या कर्नलची फाइल सांगते. तोच कोड दुसऱ्या यंत्रावर पुन्हा बांधला तरी पत्ते सरकतात.

त्या सकाळच्या धांदलीत डंप बाबांनी उचलला, कर्नल काकांनी. मग सर्व्हर पुसून नवा केला गेला. निवृत्तीनंतर बाबा घरी बसून 'जवळपास तसाच' कर्नल बांधत राहिले. दर वेळी डंप काहीबाही बरळायचा आणि बाबा म्हणायचे, "जमत आलंय." धाकट्याला फोन करावा, हे त्यांना सुचलं नव्हतं असं नाही.

"कुलूप एकाकडे, किल्ली एकाकडे," आई म्हणाली, "आणि दोघांच्या शिव्या दाराला."

"वहिनी, त्यानं मागितली असती तर दिली असती."

"न मागता दिली असती तर हात झिजला असता?"

काका चष्मा पुसत राहिले.

मला बाबा बरोबर ठरायला हवे होते. त्यांच्यासाठी करण्यासारखं एवढंच उरलं होतं. डंपवरचा शिक्का, म्हणजे ओळख पटवणारा आकडा, आणि कर्नलवरचा शिक्का मी ताडून पाहिला. तंतोतंत. मग ओळी उमटल्या, स्वच्छ, नावानिशी: कोणी कोणाला हाक मारली आणि शेवटी कोण पडलं. पडलं होतं ते बाबांनी लिहिलेलं फंक्शन. मेमरीतली सोडून दिलेली जागा त्यांनी पुन्हा वापरायला घेतली होती. नवशिक्याची चूक.

काका माझ्या खांद्यावरून वाचत होते. ते जिंकले होते. 'मी सांगत होतो' हे वाक्य ऐकायची मी तयारी केली.

"फाइल चुकीची आहे," काका म्हणाले.

"शिक्का जुळतोय, काका."

"जुळू दे. दादाच्या हातून असं व्हायचं नाही. माझ्याच ड्रायव्हरनं आधी काहीतरी घाण करून ठेवली असणार."

"अहो, इतकी वर्षं तुम्हीच तर म्हणत होतात," आई म्हणाली.

"ते त्याला म्हणत होतो, वहिनी. तुम्हाला कधी म्हटलं?"

त्यांनी बाबांची खुर्ची ओढून घेतली आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"ही बघ, ही माझी ओळ. हिची लक्षणं काही धड दिसत नाहीत."

ओळ धुतल्या तांदळासारखी होती.

"हो," मी म्हटलं. "इथं बघायला हवं."