पाय शांताबाईंचा, सही मुलाची

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठा आहे, वर लोखंडी चिमटा असलेला. परीक्षेला तुम्ही पॅड नेता ना, तोच. चौदा वर्षं रायपुरात, तेलीबांध्याच्या एका दवाखान्यात राबतोय. नवा होतो तेव्हा नर्स माझं कौतुक करायच्या. आता कोपरे झिजलेत, चिमटा गंजलाय आणि डोकं सारखं तापतं.

का ते सांगतो. ऑपरेशनआधी संमतीचा कागद माझ्यावर लावतात. त्यावर पहिली रेघ रुग्णाच्या सहीची असते. पण मला नेतात व्हरांड्यात, नातेवाइकांकडे! तिथे मुलगा रुग्णाच्याच रेघेवर बिनदिक्कत 'वास्ते', म्हणजे 'यांच्या वतीने', लिहून आपली सही ठोकतो. सगळ्यांना हे चालतं. मला नाही चालत, पण मला विचारतो कोण?

गेल्या महिन्यात शांताबाई आल्या. रेल्वेतून निवृत्त झालेल्या, रोज पेपर वाचणाऱ्या. मधुमेहाने उजवा पाय सडला होता. तो गुडघ्याखाली कापायचं ठरलं. मुलगा यशदीप उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून धावत आला आणि सही करून मोकळा झाला. आईला म्हणाला, "जखम साफ करून राहिले फक्त."

क्षमा दीदी ही वॉर्डातली नर्स. ती ऑपरेशनला न्यायला आली, तेव्हा शांताबाई म्हणाल्या, "पोरी, माह्या दोन्ही चपला नीट ठेवजो. घरी चालतच जाईन मी."

दीदी थबकली. तिने डॉक्टरांना गाठलं. "सर, इन्हें कुछ पता ही नहीं है. मैं नहीं ले जाऊँगी."

"बेटे ने साइन किया है ना?" डॉक्टर खेकसले. तरी दीदी हलली नाही. शेवटी डॉक्टर खाटेशी बसले आणि सगळं खरं सांगितलं.

शांताबाई खूप रडल्या. मग मुलाकडे वळल्या. "पाय माहा, अन् सही तुही काहून?"

"आई, तू घाबरशील म्हणून..." यशदीप म्हणाला.

पाय ठेवला तर काय होईल, कापला तर नकली बसेल का, असं बाईंनी खोदून खोदून विचारलं. मग नवा कागद मागवून स्वतः सही केली. जाताना दीदीला म्हणाल्या, "आता डावी चप्पलच ठेवजो."

उशीर केला म्हणून दीदीला वरून लेखी समज मिळाली. आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा व्हरांड्यात! संताप येणार नाही तर काय?

मित्रांनो, तुमच्या घरचं कोणी दवाखान्यात असेल, तर मला आधी खाटेपाशी न्या. पाय कोणाचा आहे ते बघा, आणि पेन त्याच्याच हातात द्या.